चढाला चौकशी, उताराला सुटका

नाशिकच्या सायकलवाल्यांत 'एक शांत रस्ता सापडलाय' हे वाक्य कुणी चारचौघांत बोलत नाही. ते टपरीच्या मागच्या बाजूला, इकडेतिकडे पाहून, हलक्या आवाजात सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्यानं पोटात ठेवायचं असतं. कारण पुढं काय होतं हे सगळ्यांना पाठ आहे. या रविवारी रस्ता सांगितला की पुढच्या रविवारी तिथं दहा-बारा सायकली दिसतात. महिन्याभरात कुणीतरी ड्रोन उडवतो. पहिला पाऊस पडला की मोटारींची रांग लागते. प्रत्येक मोटारीची डिकी उघडी, डिकीत गाणं आणि गाण्यासमोर नाचणारे मेहुणे. दिवाळीच्या सुमारास त्याच वळणावर पाटी उभी राहते: 'लेक टच एनए प्लॉट, सुलभ हप्ते.' पहिनेबारीचा रस्ता असाच आमच्या डोळ्यांदेखत हातचा गेला. त्र्यंबकहून घोटीकडे जाणारा काय देखणा रस्ता! पावसाळी रविवारी आता तिथं भाजलेल्या कणसांच्या धुरातून वाट काढावी लागते आणि धबधबा ऐकायला हॉर्न थांबण्याची वाट बघावी लागते.

तरी नाशिककरानं तक्रार करू नये. निसर्गानं आमच्या बाजूनं उघड पक्षपात केलेला आहे. पूर्वेला निफाड-लासलगावचा सपाट, द्राक्ष-कांद्याचा मुलूख. पश्चिमेला तासभर पॅडल मारलं की डोंगर. गिरणाऱ्याचा टोमॅटोचा बाजार मागं टाकला की वाघेरा घाट आणि त्यापलीकडे हरसूल. पेठच्या रस्त्याला सावळघाट. घोटीच्या अंगाला वैतरणेचं पाणी आणि तिथून खोडाळ्याकडे जाणारे रस्ते. उत्तरेला नांदुरीपासून सप्तशृंगगडापर्यंतचा दहा किलोमीटरचा चढ, जो चढताना देवीचं नाव नास्तिकाच्याही तोंडी येतं. हे सगळे डोंगर लाव्हाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले, म्हणून इथला चढ जुन्या वाड्याच्या जिन्यासारखा आहे: एक टप्पा चढून माणूस 'झालं बुवा' म्हणतो, तोच वळणावर दुसरा टप्पा अंधारात उभा असतो.

त्यात आमची नदी. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र पश्चिमेला शंभर किलोमीटरच्याही आत आहे. शेजारच्याच डोंगरातून निघणारी वैतरणा मुकाट्यानं तिकडे जातेही. पण गोदाबाई पूर्वेला वळतात आणि १,४६५ किलोमीटरचा फेरा मारून बंगालच्या उपसागराला मिळतात. जवळचा रस्ता दिसत असताना लांबचा धरायचा हे नाशिकच्या सायकलवाल्यांचं खूळ पाण्यातूनच आलेलं आहे.

आता शांततेबद्दल. ज्यावर वाहनं नाहीत तो शांत रस्ता, अशी शहरी माणसाची भाबडी समजूत असते. ज्या रस्त्यावर वाहनं नाहीत तिथं माणसं असतात आणि त्या माणसांना भरपूर वेळ असतो, हे घाटात शिरेपर्यंत त्याला कुणी सांगत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर तुम्ही ताशी तीसनं जात असता तेव्हा तुम्हाला कुणी काही विचारत नाही. विचारणाऱ्याचं तोंड उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या ढाब्यापाशी असता. वाघेऱ्याच्या चढाला मात्र तुमचा वेग ताशी सहावर येतो, आणि ताशी सहा हा चौकशीचा वेग आहे. शेळ्यांमागचा म्हातारा त्या वेगानं तुमच्या शेजारून चालू शकतो. त्याचा नातू तर काठी फिरवत, मधूनच मागं वळून शेळीला शिवी देत, पुन्हा धावत येऊन तुमचं चाक किती जाड आहे ते चिमटीत मोजू शकतो. तुमच्या छातीत हवा नाही, त्यांच्याकडे अख्खी सकाळ आहे. अशा विषम परिस्थितीत मुलाखत सुरू होते.

"कुठून आले?"

"ना... शिक."

"सायकलीवर?"

मान हलवायची.

"एस्टी बंदे का आज?"

मान आडवी हलवायची. हे महागात पडतं, कारण मान आडवी हलली की हँडलही हलतं.

"मग कुठवर जायचं?"

"हरसूल."

"हरसूलला काय काम काढलं?"

"काम नाही."

"मग?"

"परत यायचं."

यावर म्हातारा गप्प होतो. नातूही गप्प होतो. शेळ्यासुद्धा चरायच्या थांबतात. शांत रस्त्यावरची म्हणून जी काही शांतता आहे, ती एवढीच.

त्याचं गप्प होणं बरोबरच आहे. हरसूल-पेठ-सुरगाण्याकडची कितीतरी माणसं द्राक्षाच्या हंगामात कामासाठी दिंडोरी-निफाडला येतात. याच रस्त्यानं, जीपमध्ये मावतील तितकी आत आणि उरतील तितकी टपावर. ती कामाला इकडे येतात आणि हा माणूस काम नसताना तिकडे चाललाय, तेही पाय मारत, तेही पोट सुटलेलं असताना. जगाचा काहीतरी हिशेब चुकतोय एवढं त्याला कळतं. कुठं चुकतोय ते विचारायला तो चालत राहतो.

उत्तरं मी निरनिराळी देऊन पाहिली आहेत. 'व्यायाम' हे उत्तर सगळ्यांत वाईट. ते ऐकलं की समोरचा आपल्या खाचराकडे बघतो आणि म्हणतो, "मग या की, चिखलणी चाललीय." 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे जरा बरं, त्यावर सहानुभूती मिळते, पण तिच्यामागून "शुगर का?" येतं आणि पुढचं वळण येईपर्यंत कारल्याचा रस कसा काढायचा हे ऐकावं लागतं. 'हौस' म्हणून पाहिलं. त्यावर नातवानं आजोबाकडे पाहिलं आणि आजोबानं आकाशाकडे. शेवटी एका जाणत्या सायकलवाल्यानं मला खरं उत्तर शिकवलं: 'नवस.' एवढं म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात. सप्तशृंगीला चैत्रात खानदेशातून उन्हाची पर्वा न करता चालत येणारी माणसं या डोंगरांनी पाहिलेली आहेत, निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला येणाऱ्या दिंड्या पाहिलेल्या आहेत. देवासाठी माणूस कितीही वेड्यासारखा वागला तरी इथं त्याला कुणी वेडा म्हणत नाही. उलट पाणी विचारतात. नाशिक सायकलिस्टच्या मंडळींनी नाशिक-पंढरपूर सायकलवारी सुरू केली, तिच्यात मोठी भक्ती आहेच. पण मोठं शहाणपणही आहे. एरवी अर्ध्या चड्डीतल्या शेकडो माणसांना वाटेतल्या गावांनी काय काय विचारलं असतं! 'पंढरपूर' म्हटल्यावर केळी देतात.

अर्थात नवसानं 'कशासाठी' सुटतं. 'केवढ्याला' सुटत नाही. देवही त्यातून सोडवू शकत नाही.

"केवढ्याला पडली?" हा प्रश्न मराठी माणूस घर, गाय, जावई आणि सायकल या सगळ्यांबद्दल सारख्याच आपुलकीनं विचारतो. चांगल्या सायकलीला तीन किमती असतात. एक खरी, ती दुकानदाराला आणि क्रेडिट कार्डाला माहीत असते. दुसरी घरची, ती खरीच्या निम्मी, आणि ती सांगताना डोळे टीव्हीवर ठेवायचे असतात. तिसरी घाटातली, ती घरच्या किमतीच्याही निम्मी. एवढी उतरवूनही ती भारी पडते. "वीस हजार," असं मी म्हटलं की म्हातारा सायकलीला वळसा घालतो. स्टँड नाही. कॅरिअर नाही. मडगार्ड नाही. घंटी नाही. एका हातानं उचलून बघतो, आणि ती उचलली जाते तेव्हा त्याचा चेहरा खरोखर दुःखी होतो. "लोखंडच टाकलं नाही हो. फसवलं तुम्हाला."

बँकेत काम करणाऱ्या, म्हणजे आकड्यांच्या बाबतीत सोवळं पाळणाऱ्या आमच्या एका मित्रानं सावळघाटात एकदा खरी किंमत सांगून टाकली. ऐकणारा बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "दोन म्हशी. दोन्ही दुभत्या." त्या दिवसापासून आमच्या गटात सायकलींची किंमत म्हशीत सांगतात. नवीन येणाऱ्याला पहिला प्रश्न: किती म्हशींची? कार्बनची चाकं लावून आलेला एक जण चार म्हशींवर बसतो असं म्हणतात. त्याच्या घरी मात्र पारडू सांगितलेलं आहे.

या वेडाला नाशिकमध्ये प्रतिष्ठा आली ती २०१५ साली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून मेरीलँडच्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं, ९ दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. त्यातले एक भूलतज्ज्ञ, म्हणजे लोकांना झोपवणं हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी स्वतःची झोप अमेरिकेच्या रस्त्यांवर सोडून दिली. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं, १२ दिवसांच्या आत संपवली. त्यांच्यामागोमाग नागपूरचे डॉ. अमित समर्थ. चौघेही डॉक्टर. इतकं सायकल चालवणं प्रकृतीला चांगलं की वाईट हे विचारायला यांच्याहून योग्य माणसं नाहीत, पण ती विचारण्याइतकी हळू जात नाहीत.

त्यानंतर नाशिकच्या प्रत्येक सोसायटीत किमान एक माणूस पहाटे हेल्मेट घालून लिफ्टमध्ये दिसू लागला. काही जण तिथंच थांबले. काही 'ब्रेव्हे'च्या, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला मारण्याच्या, नादी लागले. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. बक्षीस नाही, नंबर नाही, फक्त एक पुठ्ठ्याचं कार्ड आणि त्यावर शिक्के. जिथं शिक्का मारायला कुणी नसतं तिथं तुम्ही येऊन गेल्याचा पुरावा लागतो, आणि आपल्याकडे रात्री दोन वाजता पुरावा देणारी एकच वस्तू जागी असते: एटीएम. तालुक्याच्या गावात, कपाळावर दिवा, अंगावर चमकणारं जाकीट अशा वेषात माणूस एटीएममध्ये शिरतो, शिल्लक किती ते विचारतो, चिठ्ठी घेतो, तिच्यावरची वेळ वाचून समाधानानं मान डोलावतो आणि पैसे न काढता अंधारात निघून जातो. आतल्या वॉचमननं हे घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार? त्यातून चिठ्ठीवर वेळेखाली शिल्लकही छापलेली असते, आणि तीनशेव्या किलोमीटरला ती वाचणं फार क्रूर आहे. म्हशी कुठं गेल्या ते तिथं स्पष्ट कळतं.

घाटाबद्दल सायकलवाल्यांची भाषा टक्केवारीची असते. 'सहा टक्के', 'नऊ टक्के', 'शेवटच्या वळणाला चौदा'. हे ऐकताना मला नेहमी रेल्वे आठवते. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्याही आत. तेवढ्यासाठी तिथं गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, आणि प्रवासी खिडकीतून वडापाव घेऊन ते कौतुकानं बघतात. मध्य रेल्वे पावणेतीन टक्क्यांना मदत मागते. आमच्यात पावणेतीन टक्क्यांना 'सपाट' म्हणतात. मागून ढकलायला मात्र कुणी येत नाही. तो नातू सोडून. तो येतो. एक हात सीटखाली घालून खरंच ढकलतो, आणि मग आपल्याला पण एक चक्कर देणार का विचारतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगण्याजोगं कापडच नसतं. लांबच्या पल्ल्याला गादी शिवलेली घट्ट चड्डी लागते. ती सायकलीवर शोभते. सायकलीवरून उतरून गावच्या हॉटेलात शिरलं की तिच्याइतकं एकाकी वस्त्र दुसरं नाही. बूट खटखट वाजतात, माणूस बदकाच्या चालीनं बाकापर्यंत जातो आणि शेव तळणारी आजी हातातला झारा थांबवून हाक मारते, "अगं, बाहेर ये, सर्कशीतले आलेत." त्यात कुचेष्टा नसते. सर्कशीतल्या माणसाला भूक जास्त लागते हे जाणून ती रस्सा वाढवते. नाशिकच्या सायकलिंगचं मूळ ध्येय मिसळ हेच आहे, हे कबूल करायला आमच्यातले कडवे लोक तयार नसतात. ते 'न्यूट्रिशन स्टॉप' म्हणतात. पण चढून जेवढं जळलं तेवढं काळ्या रश्शाचा दुसरा वाडगा, दही, पापड आणि वर 'असू दे' म्हणून घेतलेली जिलबी यांत भरून निघतं आणि थोडं उरतंही. म्हणून नाशिकचा सायकलवाला वर्षानुवर्षं सायकल चालवूनही ओळखू येतो तो फक्त पायांवरून. वर काही बदललेलं नसतं.

पंक्चर नेहमी शेवटच्या दुकानाच्या पुढं होतं. खोडाळ्याच्या अलीकडे आमच्यातल्या एकाचं झालं. रस्त्याकडेला ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि पाण्याची मोटर दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्यानं ट्यूबचा तो बारीक, लांबुडका, परदेशी घाटाचा वाल पाहिला, आपल्या पंपाचं तोंड पाहिलं, पुन्हा वाल पाहिला. दोघांचं जमणं शक्य नव्हतं. जुन्या हर्क्युलिस-अॅटलासच्या काळात वालट्यूबचा दीड इंचाचा तुकडा कापून बसवला की कुठल्याही गावात हवा भरली जायची. आता पंपाचं तोंड जुळवायला पितळी अडॅप्टर लागतो, आणि तो घरी ड्रॉवरमध्ये असतो. कारागिरानं तरीही हार मानली नाही. त्यानं चिंधी गुंडाळली, मुलाला पंपावर उभं केलं, स्वतः अंगठ्यानं गळती दाबली आणि कशी कोण जाणे, निम्मी हवा भरली. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या. पण एक सांगा, केवढ्याला?" आम्ही सगळे खोडाळ्याच्या दिशेनं बघू लागलो.

या रस्त्यांवरचे खरे सायकलस्वार आम्ही नव्हेतच. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आदिवासी आणि मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला त्या घोळक्यानं निघतात. गिअर नाहीत, पायांत चपला, कॅरिअरवर दप्तर आणि दप्तरावर मैत्रीण. त्यांचा चढाचा नियम साधा आहे: जमतंय तोवर चालवायची, नाही जमलं की उतरून गप्पा मारत हातानं ढकलायची. एका सकाळी अशी एक मुलगी सायकल हातात धरून चालत होती, मी चालवत होतो, आणि आमचा वेग अगदी एक होता. घड्याळात माझ्या हृदयाचे ठोके लाल रंगात दिसत होते. ती मैत्रिणीला गणिताच्या बाईंची नक्कल करून दाखवत होती. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काका, उतरून चला ना. तेवढाच वेळ लागतो."

एकवीस गिअर बदलून झालेल्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ना मासिकांनी, ना दुकानदारानं. 'काका'बद्दल मला काही म्हणायचं नाही.

माथ्यावर पोचलं की सगळं बदलतं. उताराला चौकशी नाही. ताशी चाळीसनं खाली जाताना पोरं लांबूनच "टाटा" ओरडतात, कुत्री भुंकायची वेळ चुकवून मागं राहतात, म्हातारे हात वर करतात तोवर वळण येऊन गेलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं कुणी 'कुठून', 'कुठं', 'कशासाठी', 'केवढ्याला' विचारत नाही. याच सुखासाठी माणूस चढतो असं सगळे सांगतात. मी पण सांगत होतो. पण हल्ली उतारावर मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं. वर त्या म्हाताऱ्याला 'कुठून' सांगितलं होतं, 'कुठं' सांगितलं होतं. तो काय करतो, खाचर केवढं, पाऊस वेळेवर झाला का, मी एकदाही विचारलं नाही. माझ्याकडे हवा नव्हती हे खरं. पण खाली येताना तर हवाच हवा असते.

म्हणून आता पायथ्याशी, पहिल्या वस्तीपाशी, मी ब्रेक लावतो. परवा असाच थांबलो. घरासमोर एक म्हैस बांधलेली होती; काळीभोर, शिंगं वळलेली, अंगावर नुकतं पाणी मारलेलं. मालक तिच्या पाठीवर हात फिरवत उभा होता. मी त्याला कुठून आणली विचारलं. घोटीच्या बाजारातून, म्हणाला. दूध किती देते विचारलं. तेही त्यानं अभिमानानं सांगितलं. मग मी हेल्मेट काढलं आणि मोठ्या समाधानानं विचारलं, "केवढ्याला पडली?"

त्यानं दाराकडे पाहिलं. दारात त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. तो एक क्षण थांबला, नजर म्हशीच्या शेपटीवर ठेवली आणि एक आकडा सांगितला.

मी मनात त्याची दुप्पट केली.